घरच्या पुरुषाची संमती

काकू ओट्याशी उभ्या राहून बोटांनी चाचपत पातेलं गॅसवर चढवत होत्या. मोतीबिंदूने दोन्ही डोळे धूसर झाले होते, तरी नवरा गेल्यापासून दिराच्या घरचा सगळा रामरगाडा त्याच ओढत होत्या.

ऑपरेशनचा विषय निघाला की दीर म्हणायचे, "वहिनी, या वयात कशाला चिरफाड? घरातल्या घरात तर वावरायचं."

ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, धगीजवळ जायचं नाही. मग स्वयंपाक कोण करणार, हे मात्र ते बोलायचे नाहीत.

शेवटी दिराच्या मुलीने, पुतणीनेच त्यांना हात धरून नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या शिबिरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "उजव्या डोळ्यातला दाब वाढतोय. थांबून चालणार नाही. घरचं कोण आलंय?"

"मी आहे ना!" पुतणी म्हणाली.

"संमतीच्या सहीला पुरुष माणूस लागतो."

संघटना नवी असताना एका बाईच्या नवऱ्याने, मला न विचारता ऑपरेशन केलंच कसं, म्हणून शिबिरात धिंगाणा घातला होता. तेव्हापासून हा नियम. पुढे संघटना जिल्हाभर पसरली, हजारोंना दृष्टी मिळाली. नियम तसाच राहिला.

"अहो, डोळे माझे आहेत," काकू म्हणाल्या. "मी हो म्हणतेय, ते पुरत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद दिरांच्या सहीसाठी पुतणीच्या हाती दिला.

दीर काही आले नाहीत. पुढे उजवा डोळा असा ठणकू लागला की काकू भिंतीवर डोकं टेकून विव्हळायच्या. "अर्धशिशी असेल," दीर म्हणाले. पुतणीने रिक्षा बोलावली आणि काकूंना थेट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं.

या वेळी बाईंनी काकूंनाच विचारलं, "करू ना?"

"करा."

उजवा डोळा हातचा गेला होता. डावा तेवढा वाचला.

संघटनेच्या बैठकीत डॉक्टरीणबाईंवर नियम मोडल्याचा ठपका आला. म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "बाई, या नियमाने आपल्याला इतकी वर्षं सांभाळलंय."

"आपल्याला, सर. माझी चूक झाली ती नियम पाळला तेव्हा. अशा किती जणी परत गेल्या असतील?"

अध्यक्ष म्हणाले, "पुष्कळ. काही तर माझ्याच टेबलावरून."

नियम त्याच दिवशी रद्द झाला. काकू आजही त्याच घरात आहेत, जाणार कुठे? पण परत पाठवलेल्या बायकांचा शोध सुरू झाला. पहिल्या घरी अध्यक्ष स्वतः गेले. दार एका पुरुषाने उघडलं.

"आईकडे काम आहे? काय ते मला सांगा."

"त्यांनाच सांगायचंय," अध्यक्ष म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.