साध्या गाडीचा आवाज

ट्राउगॉट गाइजरने आयुष्यात दोन गोष्टी मन लावून केल्या. एक, ओबरहाल्डिंगेन या आपल्या गावाच्या घाटात रविवारी होणाऱ्या गाड्यांच्या आवाजाविरुद्ध समिती काढली. दोन, स्पोर्ट गाडी घेतली. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडू नये एवढीच काळजी तो घेत असे, आणि आतापर्यंत ती त्याने चोख घेतली होती.

खाली दरीतल्या शहरात त्याचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं. कानांचा माणूस म्हणून समितीचं अध्यक्षपद आपसूक त्याच्याकडे आलं. जर्मनीत आवाज असाच वाढू दिला तर तुझाच धंदा वाढेल, असं त्याचा मेहुणा फोल्कमार दर नाताळला न चुकता सांगत असे. पण समिती धंद्यासाठी नव्हती, बायकोसाठी होती. हाइड्रून जिल्हा इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका. शनिवारची रात्र जागून ती रविवारी सकाळी घरी यायची, पडदे ओढायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच पहिली मोटारसायकल घाटाच्या तळाशी गिअर बदलायची. हाइड्रून तक्रार करत नसे. ती उठून जेवणासाठी बटाटे चिरायला घ्यायची. सुरी पाटावर ज्या जोराने पडे, तो ऐकून गाइजरला समितीची निकड पटली होती.

गाडीचं म्हणाल तर ती बनते तो कारखाना घरापासून तासाभरावर. त्या भागातल्या पुरुषांना ती गाडी हवीशी वाटते याला कारण लागत नाही. ती नको असलेल्या माणसाला मात्र कारण द्यावं लागतं.

गाडी एकच, पण तिच्या पायऱ्या चार. तळाला साधी. तिच्यावर एस. तिच्यावर आणखी दोन अक्षरांची. सगळ्यांच्या डोक्यावर टर्बो. पायरीगणिक ताकद थोडी वाढते, आणि मागच्या बाजूची चकचकीत अक्षरं बरीच वाढतात. फोल्कमारकडे टर्बो होती. न्हाणीघरांच्या काचेच्या भिंती बनवून त्याने ती मिळवली होती, आणि मागची अक्षरं तो दर शनिवारी दात घासायच्या ब्रशने साफ करायचा.

गाइजरला साधीच परवडली. मागणी नोंदवताना विक्रेत्याने पर्यायांची भलीमोठी यादी समोर ठेवली. शिलाईचा दोरा कोणत्या रंगाचा, सीटचे पट्टे कोणत्या रंगाचे, किल्लीचा रंग गाडीसारखा हवा का. प्रत्येक गोष्टीपुढे एक आकडा. एकाच ओळीपुढे शून्य होतं: मागची अक्षरं नकोत. त्या कंपनीने फुकट दिलेली ही एकमेव गोष्ट. कारखानदार मंडळी ती हटकून घेतात. टर्बो घ्यायची, अक्षरं काढायला लावायची, म्हणजे कामगारांच्या, पाद्रीबुवांच्या आणि भावाबहिणींच्या मनात भलतंसलतं काही येत नाही.

गाइजरनेही ती घेतली, पण त्याचं गणित उलटं होतं. गावात कोणी विचारलं की तो सांगे, अहो, सगळ्यात साधी आहे, मागे बघा, काही लिहिलेलंच नाही. गाव मान डोलावी. आणि फोल्कमार त्याच कोऱ्या पाठीसमोर उकिडवा बसून घामाघूम होई.

“खरं सांग, एस आहे की वरची?”

“गाडी आहे,” गाइजर म्हणे.

“टर्बो आहे. लेका, टर्बो आहे आणि लपवतोस.”

गाइजर यावर काही बोलत नसे. न बोलण्याचा त्याला जेवढा आनंद मिळाला तेवढा गाडी चालवण्याचाही मिळाला असेल की नाही, शंका आहे.

फुकटच्या पर्यायाखेरीज दोन विकतचे होते. एक म्हणजे स्टिअरिंगवरची गोल चकती. साधी गाडी चकतीशिवाय येते. चकती घेतली की तिच्यावरच्या खुणांनी गाडीचा स्वभाव बदलता येतो: नेहमीचा, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस, ओल्या रस्त्याचा, आणि एक आपल्या मर्जीचा. दुसरा पर्याय होता मागे धूर सोडणाऱ्या, आवाजाच्या खास नळकांड्यांचा. नेहमीच्या खुणेवर त्यातल्या झडपा मिटलेल्या असतात आणि गाडी पाहुणी आल्यासारखी दबकून वागते. स्पोर्ट प्लसवर झडपा उघडतात, आणि गाडी यायच्या आधी तिची बातमी येते.

मागणी पक्की करायच्या आदल्या संध्याकाळी मसूर आणि शेवया खाताना हाइड्रून एवढंच म्हणाली होती, “काय घ्यायचं ते घे. फक्त ते आवाजाचं काही घेऊ नकोस.” तो नाही म्हणाला. म्हणजे घेत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याने विक्रेत्याला फोन केला आणि नळकांडी यादीत घालायला सांगितली.

पांढरी गाडी आली तेव्हापासून ती गावाच्या पलीकडच्या टोकाला भाड्याच्या कोठारात राहू लागली. घरच्या गॅरेजमध्ये हाइड्रूनची छोटी गाडी असते, असं कारण होतं. इतर दिवशी दुकान, शनिवारी दुपारी अंगण आणि पदपथ झाडणं, उरला रविवार. हाइड्रून झोपायला गेली की गाइजर पायी कोठाराकडे जाई, नेहमीच्या खुणेवर गाव सोडी, आणि शेवटचं घर मागे पडलं की पलीकडच्या दरीत उतरताना अंगठ्याने चकती फिरवी. ओबरहाल्डिंगेनचा घाट त्याने कधी नासवला नाही. त्या दरीतही आवाजाविरुद्ध एक समिती होती. तिच्याशी त्याच्या समितीचे सहकार्याचे संबंध होते.

सहा वर्षं अर्ज केल्यावर जिल्हा कचेरीने मे महिन्यातला एक रविवार मोजणीसाठी दिला. फ्राउ डेमिर नावाच्या अधिकारी तिपाई, मोजयंत्र आणि घडीची खुर्ची घेऊन वरच्या वळणावर आल्या. समितीने टेबल मांडलं. सफरचंदाची आंबवलेली मोस्ट, लोणी लावलेल्या ब्रेत्सेली, म्हणजे पिळाचे खारे पाव, सगळं होतं. हाइड्रून रात्रपाळीवरून परस्पर तिथेच आली आणि टेबलामागे उभी राहिली. तशीही झोप लागणार नाही, म्हणाली.

फ्राउ डेमिरनी आधीच स्पष्ट केलं. त्यांना दिवसभराची सरासरी नको होती. “कायद्यात बसणारी, परवाना असलेली एक तरी गाडी इथे नव्वद डेसिबलच्या वर जाते, एवढं माझ्या कागदावर आलं की रविवारच्या बंदीचा प्रस्ताव मी पुढे पाठवते. नाही आलं, तर गाइजरसाहेब, पुढची पाच वर्षं मला पत्र लिहू नका.”

एकच गाडी, असं म्हणून समितीतले लोक हसले. दर रविवारी शेकड्यांनी येतात.

त्या रविवारीही आल्या. पहिली मोटारसायकल वळणावर आली ती शिवणयंत्रासारखी हलक्या आवाजात. स्वाराने हेल्मेटची काच वर करून सगळ्यांना सुप्रभात म्हटलं. दुसरी आली, तिसरी आली. त्यांच्या मागून एक इटालियन लाल गाडी आली, तीही इतकी हळू की टेबलावरच्या माशा उठल्या नाहीत. मोजणीची बातमी मोटारसायकलवाल्यांमध्ये गुरुवारीच फुटली होती. त्यांच्याही हँडलवर आता अशाच खुणा असतात, आणि त्या दिवशी अख्खा डोंगर ओल्या रस्त्याच्या दबक्या खुणेवर चालत होता. ऊन कडक पडलं होतं.

दुपारपर्यंत यंत्राने सगळ्यात मोठा आवाज नोंदवला तो चर्चच्या घंटेचा. फ्राउ डेमिरनी तो खोडला.

जेवणाच्या सुमारास फोल्कमार आला. बहिणीच्या नवऱ्याची फजिती होते आहे हे ऐकून तो वेळ काढून आला होता, पण परिस्थिती पाहून त्याच्यातला कुटुंबवत्सल माणूस जागा झाला.

“एक गाडीच पाहिजे ना?” तो फ्राउ डेमिरना म्हणाला. “मग टर्बो घ्या. त्याच्या वर कंपनीकडे काही नाही.”

तो खाली गेला. लोक यंत्राभोवती गोळा झाले. टर्बो वर आली ती भयंकर वेगाने. वळणावरचं गवत आडवं झालं, एका आजीबाईंच्या हातची ब्रेत्सेल पडली. पण आवाज असा आला की जणू कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. यंत्र सत्त्याऐंशीवर थांबलं.

गाइजरला हे आधीच माहीत होतं. टर्बोत हवा दाबणारी चाकं धुराच्या वाटेतच बसवलेली असतात, आणि निम्मा आवाज ती गिळतात. कानांच्या माणसाला हे कळतं. पण ते सांगायचं तर मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

फोल्कमारने यंत्र तपासायला लावलं. फ्राउ डेमिरनी तपासलं. यंत्र बरोबर होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्चीची घडी घालायला घेतली.

समितीचे लोक अध्यक्षाकडे पाहू लागले. अध्यक्ष मोस्टच्या घागरीकडे पाहत होता. हाइड्रूनने हात पुसले आणि ती त्याच्याजवळ आली.

“ट्राउगॉट, तुझी घेऊन ये.”

“माझी साधी आहे गं. सगळ्यात साधी.”

“माहीत आहे.” ती हळूच बोलली, पण त्याला ऐकू गेलं, कान त्याचे उत्तम होते. “पलीकडच्या दरीत आमच्या वॉर्डमधली मार्लिस राहते. रात्रपाळी माझ्याचबरोबर असते. रविवारी तिलाही झोप लागत नाही. कुठलीशी एक गाडी येते, म्हणते. पांढरी. मागे काही लिहिलेलं नसतं.”

गाइजरने मोस्टची घागर उगाच सरळ केली.

“जा,” ती म्हणाली. “त्या बाई चालल्या.”

कोठारापर्यंत तो पायी गेला. गाडी काढली, गावातून नेहमीच्या खुणेवर आला, टेबलासमोरून खाली उतरला. लोकांनी हात हलवले. अध्यक्षाची गाडी किती शहाणी आहे, असं कोणीतरी म्हणालं असणार. घाटाच्या तळाशी त्याने गाडी वळवली आणि क्षणभर उभी केली.

चकती नेहमीवर होती. तशीच वर नेली असती तर काहीच बिघडलं नसतं. यंत्राने सत्तर दाखवलं असतं. तो साध्या गाडीचा साधा माणूस आणि समितीचा प्रामाणिक अध्यक्ष राहिला असता, फोल्कमार जन्मभर कोऱ्या पाठीसमोर उकिडवा बसला असता, आणि पुढल्या रविवारी पलीकडची दरी होतीच. हाइड्रून पुन्हा हा विषय काढणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. ती बटाटे चिरायला घेईल.

त्याने अंगठ्याने चकती फिरवली. स्पोर्ट. स्पोर्ट प्लस.

वर लोकांनी गाडी पाहायच्या आधी ऐकली. मग ती वळणावर आली, गाइजरने पाय उचलला, आणि नळकांड्यांतून दोन-तीन बार निघाले. गाव सोडून कावळे उडाले. आजीबाईंची दुसरी ब्रेत्सेलही पडली. यंत्र शहाण्णववर गेलं आणि तिथेच थांबून राहिलं.

गाइजर गाडी थांबवून उतरला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फ्राउ डेमिरनी खुर्ची पुन्हा उघडली, त्या बसल्या, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“परवाना?”

“आहे.”

“काही बदल करून घेतलेत?”

“नाही. सगळं कारखान्यातून आलेलं.”

त्या उठून गाडीच्या मागे गेल्या आणि परत आल्या. “मागे काही लिहिलेलं नाही. मॉडेल कोणतं?”

फोल्कमार श्वास रोखून उभा होता. गाइजरने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“साधं.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. सगळ्यात खालचं. आवाजाची नळकांडी वेगळी घेतली.”

फ्राउ डेमिरनी तसं लिहिलं. फोल्कमार पुढे आला, गाडीला एक फेरी मारली, नळकांड्यांशी वाकला. गाडी साधीच निघाली म्हणून त्याच्या तोंडावर हसू यायला हवं होतं. कित्येक वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं. पण ते आलं नाही.

“साधी?” तो म्हणाला. “म्हणजे साधीला हा आवाज येतो, आणि माझ्या टर्बोला नाही?”

समितीची बैठक त्याच आठवड्यात झाली. अध्यक्षाला काढून टाकावं असं दोघांनी सुचवलं, पण अर्जाचा पुरावा अध्यक्षाचीच गाडी असल्याने अर्ज मंजूर होईपर्यंत त्याला ठेवावं असं ठरलं. मंजुरीपूर्वी फ्राउ डेमिरनी फोन करून विचारलं, गावकऱ्यांच्या स्पोर्ट गाड्यांना सूट द्यायची का. समितीच्या मूळ मागणीत ‘कोणालाही सूट नको’ असं वाक्य होतं, आणि ते गाइजरनेच घातलं होतं. त्याने ते त्यांना वाचून दाखवलं.

जुलैत घाटाच्या दोन्ही टोकांना फलक लागले: रविवारी मोटारसायकली आणि स्पोर्ट गाड्या बंद. पलीकडच्या दरीच्या समितीने शहाण्णवचा आकडा आपल्या अर्जाला जोडला, सहकार्याबद्दल गाइजरचे पत्राने आभार मानले, आणि ऑगस्टपासून तो रस्ताही बंद झाला.

त्यानंतरच्या एका रविवारी फोल्कमार घाट चढून पायी आला. टर्बो खाली फलकाशी लावली होती. त्याचा शर्ट ओला झाला होता. घरात पडदे ओढलेले होते आणि हाइड्रून झोपली होती, म्हणून गाइजर त्याला कोठारात घेऊन गेला. दोघे गाडीत बसले. दार लावून घेतलं.

“मेहुण्या, एकदा चालू कर ना,” फोल्कमार म्हणाला. “चालवू नकोस. नुसती चालू कर.”

“नाही.”

“इथून घरापर्यंत ऐकू जातं?”

“तिला जातं.”

फोल्कमारने हात लांब करून बंद गाडीची चकती फिरवली. टक.

“ही कुठली खूण?”

“स्पोर्ट.”

टक.

“ही प्लस असणार.”

“हो.”

पुन्हा टक.

“आणि ही?”

“ओल्या रस्त्याची.”

फोल्कमारने चकतीवरचा हात काढला. बाहेर घाटातून काही येत नव्हतं. कोणाचं तरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. गाइजरने खिशातून लोणी लावलेली ब्रेत्सेल काढली, मोडली, आणि अर्धी मेहुण्याला दिली. चुरा सीटवर पडू नये म्हणून दोघेही पुढे वाकून खात बसले.