सोडून दिलेली उत्तरं

ताईची डावी पापणी पूर्ण मिटायला आता अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागत होता. सहा महिन्यांपूर्वी पाव सेकंद पुरे व्हायचा. उजवी तर आठवडाभरापासून अर्ध्यातच अडकत होती. धाकटीने हे घड्याळ लावून मोजलं होतं. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं. घरात तिला मोजपट्टी म्हणत ते उगाच नाही.

ताई तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होती. आजार बोटांपासून सुरू झाला आणि अडीच वर्षांत वर चढत चढत मानेपर्यंत आला, मग जीभ गेली. डोकं मात्र लख्ख होतं. डॉक्टर म्हणाले होते, पापण्या आणखी दोन महिने चालतील, फार तर तीन. त्यानंतर आत सगळं जागं राहील आणि बाहेर एकही खूण उमटणार नाही. हे ऐकताना ताई डॉक्टरांकडे टक लावून बघत होती.

असाध्य आजारात आपला शेवट आपण ठरवायची मुभा कायद्याने चार वर्षांपूर्वीच दिली होती. अट एकच, शेवटची संमती ज्याची त्याने द्यायची, दुसऱ्याच्या हाताने नाही. ज्यांचे हातच गेले त्यांचं काय, हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता डोळ्यांची हालचाल वाचून ‘हो’ किंवा ‘नाही’ नोंदवणारं यंत्र आलं होतं आणि त्यावरून रान उठलं होतं. एक बाजू त्याला सुटका म्हणे, दुसरी यमदूताचा चष्मा. पेपरात रोज पत्रं येत. यंत्र तपासायचं काम धाकटीच्या प्रयोगशाळेकडे होतं. शंभरात एकापेक्षा जास्त चुका निघाल्या तर यंत्र नामंजूर. तिच्या चाचणीत अकरा निघाल्या होत्या. तीन अहवालांत तिने लिहिलं होतं, ‘आणखी चाचण्या आवश्यक.’ उद्या चौथ्यांदा, खुल्या सुनावणीत, तिला तोंडाने सांगायचं होतं.

“पाणी हवं का गं?” तिने विचारलं.

ताईची नजर बाजूला गेली. म्हणजे नाही.

“थोडंसं? ओठ सुकलेत.”

पुन्हा बाजूला.

“अगं, दोन थेंब?”

पापणी सावकाश मिटली. हो. धाकटीने चमच्याने पाणी घातलं. ते तसंच ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं.

उशी झटकत असलेले भावोजी वळले. “कशाला घातलंस? नको म्हणाली ना?”

“तिसऱ्यांदा हो म्हणाली, भावोजी.”

“तिसऱ्यांदा विचारलंस की तुझी कटकट थांबावी म्हणून ती हो म्हणते. पस्तीस वर्षं संसार केलाय, असला ‘हो’ मला पाठ आहे. तो पडदा निळा घ्यायचा की हिरवा, तेव्हाही असाच आला होता.”

ताईचे डोळे किंचित बारीक झाले. ते तिचं हसणं होतं. मग तिने अक्षरांच्या पाटीकडे पाहिलं. भावोजींनी पाटी समोर धरली आणि ओळींवरून बोट फिरवायला लागले. हवं तिथे ती पापणी मिटायची. चार मिनिटं लागली. शब्द जुळले, ‘एकदाच विचार.’

“ऐकलंस?” भावोजी म्हणाले. “कोर्टात साक्षीदाराला हिने कधी ‘परत बोला’ म्हटलं नाही. आणि हिला मात्र आपण तीन तीनदा विचारतो.”

धाकटीने चमचा पुसला. तो कोरडा झाल्यावरही ती पुसत राहिली.

दुपारी प्रयोगशाळेत तिने चाचणीच्या नोंदी उघडल्या. तराजू असो की तापमापक, तिच्या खात्यात एक शिस्त होती. पहिलं वाचन सोडून द्यायचं, पुढची तीन धरायची. यंत्र स्थिरावायला वेळ लागतो, पहिला आकडा भरवशाचा नसतो. बावीस वर्षं ती हेच करत आली होती, नव्यांना हेच शिकवत आली होती. डोळ्यांच्या यंत्रालाही तिने तोच नियम लावला होता. उत्तर आधीच ठाऊक असेल असे प्रश्न, प्रत्येक प्रश्न चार वेळा, पहिलं उत्तर बाजूला.

एक रुग्ण निवृत्त बसचालक होता. त्याला विचारलं होतं, ‘तुम्ही मासा आहात का?’ नाही. नाही. नाही. चौथ्यांदा तो ‘हो’ म्हणाला होता. तिने ते यंत्राच्या चुकांत धरलं होतं.

तिला हसू यायला हवं होतं. तिने ती ओळ पुन्हा वाचली.

सोडून दिलेली पहिली उत्तरं यंत्राने वेगळ्या रकान्यात जपून ठेवली होती. सहाशे चाळीस. ती एकेक तपासत गेली. चुकीची निघाली तीन. तिने पुन्हा मोजलं, मग यादी उलटी करून मोजलं. तीनच. शंभरात अर्धीसुद्धा नाही. बाकी सगळ्या चुका तिच्या होत्या. तिने माणसांना तराजूसारखं वागवलं होतं, आणि माणसं थकली होती, वैतागली होती, किंवा आपलं पहिलं उत्तर चुकलं असेल म्हणून बदलत होती.

मग तिला ज्या गोष्टीकडे बघायचं नव्हतं तिकडे बघावं लागलं. आठ महिन्यांपूर्वी तिने ताईला तो प्रश्न विचारला होता. तुला यातून सुटायचंय का? पापणी लगेच मिटली होती, स्वच्छ. तिने पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारताना तिला रडू फुटलं होतं, आणि ताईने बराच वेळ तिच्याकडे बघून नजर बाजूला नेली होती. त्या एका ‘नाही’वर धाकटी आठ महिने जगली होती. शिस्तीच्या आड लपायला इतकी चांगली जागा तिला दुसरी सापडली नसती.

साहेबांच्या खोलीत जाऊन तिने आकडे समोर ठेवले. साहेब वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

“आजच सापडलं हे?”

“हो.”

“बाई, तुमची बहीण त्या अवस्थेत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तरी तुम्ही नाही म्हणता, म्हणून तर तुमच्या शब्दाला वजन. उद्या अचानक हो म्हणालात तर लोक काय म्हणतील?”

“घरचं काम करून घेतलं म्हणतील.”

“मग? पुन्हा चाचण्या मागा. नव्या पद्धतीने, दुसऱ्या कुणाकडून. सहा महिन्यांत होईल. तुमच्यावर शिंतोडे उडणार नाहीत.”

“सहा महिन्यांत तिची पापणी राहणार नाही.”

साहेबांनी कागद तिच्याकडे परत सरकवले. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. “हे मी ऐकलं नाही,” शेवटी ते म्हणाले. “असंच कारण तुम्ही तिथे सांगितलंत तर मेलात.”

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्यांवर दोन्हीकडचे लोक फलक घेऊन उभे होते. एका बाईने धाकटीचा हात धरला. “तुम्ही नाही म्हणालात ना, देव तुमचं भलं करो. माझ्या आईला संपवायला घरचे टपलेत हो.” तिचे डोळे सुजलेले होते. ती खोटं बोलत नव्हती. दोन पावलांवर एका म्हाताऱ्याने धाकटीकडे पाहून नुसतं तोंड फिरवलं. त्याच्या फलकावर बायकोचा फोटो होता. धाकटीला वाटलं, इथूनच मागे फिरावं, बस पकडावी, कुठल्याही थांब्यावर उतरावं. पाय मात्र वर चढत राहिले.

ती बोलली ती सात मिनिटं. पहिलं वाचन सोडण्याची शिस्त, सहाशे चाळीस उत्तरं, तीन चुका. मासा म्हटल्यावर मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. “यंत्र बरोबर वाचतं,” ती म्हणाली. “चुकीची पद्धत माझी होती. बहिणीमुळे मी हे बोलतेय असं तुम्हाला वाटेल. आकडे तुमच्यासमोर आहेत, माझ्यावर विश्वास न ठेवता ते तपासा, हवं तर आजच. गेले आठ महिने मी चुकीचे आकडे धरून बसले, तेही बहिणीमुळेच.”

कुजबुज वाढली. विरोधी बाजूचे वकील उठले. ते रागावलेले नव्हते. आवाज जवळजवळ मऊ होता.

“बाई, आकडे राहू द्या. घरच्यांचा दबाव, थकवा, कंटाळा, हे तुमचं यंत्र ओळखतं?”

“नाही. ते माणसांनीच ओळखायला हवं. मलाही ओळखता आलं नाही.”

“मग सरळ विचारतो. हेच यंत्र उद्या तुमच्या बहिणीसमोर ठेवायचं झालं, तर तुम्ही तयार आहात?”

पहिल्या रांगेत भावोजी बसले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. मांडीवरच्या टोपीची कड बोटांनी सरळ करत होते. लोक थांबले होते. धाकटीने टेबलाची कड धरली.

“तयार नाही,” ती म्हणाली. “तरी ठेवा.”