उतारावरचे सरळ टेबल

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. आठ जणांना पुरेल एवढे लांब, रंगाने काळपट तपकिरी, आणि चार पायांपैकी दोन पाय चार बोटे आखूड. पाहणारे लगेच हळहळतात, "अरेरे, लंगडे आहे बिचारे!" मी लंगडे नाही आणि बिचारे तर मुळीच नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. ज्याला आपला दोष झाकायचा असतो, तो अंगणाला नावे ठेवतो. माझ्या बाबतीत मात्र अंगण खरोखरच वाकडे होते, आणि त्या वाकड्या अंगणात मी बत्तीस वर्षे सरळ उभे राहिले. एवढे ध्यानात ठेवले की पुढची गोष्ट सोपी आहे.

डोंगरावरच्या एका कॉलेजच्या गावात माझा जन्म झाला. त्या गावात सपाट जागा म्हणजे फक्त कॉलेजचे मैदान. बाकी सगळे गाव एक तर चढावर, नाही तर उतारावर. ज्या झाडापासून मी झाले, तेही एका कड्याच्या अंगावर उभे होते. वादळात ते पडले आणि सुतारदादांनी त्याचे ओंडके आपल्या दुकानात आणले. सुतारदादा म्हणजे मावशीचे थोरले भाऊ. आणि मावशी म्हणजे कॉलेजच्या दगडी पायऱ्यांखाली खानावळ चालवणारी बाई. खऱ्या नात्याने ती कोणाचीच मावशी नव्हती, पण गावातली सगळी भुकेली मुले तिला मावशीच म्हणत.

बहीण खानावळ काढणार म्हणून दादांनी मला मोठ्या हौसेने घडवले. चारही पाय अगदी सारखे. रंधा असा मारला होता की माझ्यावरून हात फिरवताना त्यांचे त्यांनाच कौतुक वाटे. मला खानावळीत नेऊन ठेवले, मावशीने सुपाचा काठोकाठ भरलेला वाडगा आणला आणि शेजारी बशीत उकडलेले अंडे ठेवले. सूप खिडकीच्या बाजूने सांडले. अंडे बशीतून निघाले ते गडगडत थेट खिडकीकडे. दादांनी ते शेवटच्या क्षणी झेलले.

"दादा, हे टेबल आहे की घसरगुंडी?" मावशी म्हणाली.

"टेबलाला बोलू नकोस. आधी तुझी जमीन बघ," दादा म्हणाले.

त्या खोलीच्या मागे डोंगर होता आणि पुढे दरी. स्वयंपाकघर डोंगराकडे, खिडकी दरीकडे, आणि फरशी डोंगराच्याच कलाने बसवलेली. फरशी उखडावी तर खाली कातळ. मग दादांनी एका पसरट थाळीत पाणी भरून ती माझ्यावर ठेवली. सपाटी बघायची, बुडबुड्याची पाणसळ त्यांच्या पेटीत होती, पण दादांचा विश्वास पाण्यावर. पाणी कुठे कलते ते बघत बघत त्यांनी स्वयंपाकघराकडचे माझे दोन पाय थोडे थोडे करून कापले. दोन्ही बाकांचेही पाय कापले. उतार घराचा, आणि पाय गेले माझे! मला फार राग आला होता. पण थाळीतले पाणी चारही बाजूंनी काठाला सारखे टेकले, मावशीने टाळी वाजवली, आणि माझा राग मावळला.

कापलेले दोन तुकडे दादांनी बहिणीच्या हातात ठेवले. "फेकू नकोस. जमीन बदलली तर लागतील."

"जमीन कशी बदलेल? डोंगर उठून चालायला लागणार आहे का?" मावशी हसत सुटली. पण भावाचा शब्द म्हणून तिने ते ठेवले. एकाचा खिडकीला टेकू दिला. दुसरा, दार आपटू नये म्हणून, दारात सरकवला.

खानावळीचा एकच नियम होता आणि तो माझ्यावर बसूनच पाळावा लागे. एकट्याला वाढायचे नाही. दोन माणसे बसल्याशिवाय मावशी पळीला हात लावत नसे. एकटे कोणी आले तर त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागे, आणि तो दुसरा ओळखीचाच असेल असे नाही. नुसत्या भुकेपोटी किती जणांच्या ओळखी झाल्या, किती भांडणे मिटली, याला गणती नाही. भूक फार वेळ अबोला धरू देत नाही.

एका वर्षी कॉलेजात एक चष्मेवाली आली. सपाट मुलखातली, कोणाशी न बोलणारी. ती मुद्दाम दुपारी तीनला यायची, गर्दी नसते म्हणून. पहिल्या दिवशी माझ्या टोकाला बसली, पुस्तक उघडले आणि सूप मागितले.

"एकटीला वाढत नाही इथे," मावशी आतून म्हणाली.

"मला अभ्यास करायचाय."

"कर की. दुसरं कोणी येईपर्यंत भरपूर वेळ आहे."

अर्धा तास गेला. कोणी आले नाही. मुलीचे डोळे पुस्तकात आणि नाक स्वयंपाकघराकडे. शेवटी मावशीच दोन वाडगे घेऊन बाहेर आली आणि समोर बसली. "मी सकाळीच जेवलेय. पण तुझ्यापायी पुन्हा जेवते. चल, झालो आपण दोघी." चष्मेवालीने पहिला घोट घेतला आणि तिला रडू आले. घर सोडल्यापासून तिच्यासमोर बसून कोणी जेवले नव्हते. मावशीने तिच्यापुढे पाव सरकवला.

पुढची चार वर्षे ती माझीच झाली. तिला मित्र मिळाले. एक बडबडी आणि एक लांबट्या. लांबट्याचे गुडघे गावातल्या प्रत्येक टेबलाला आपटत, मला सोडून, कारण मी चांगले उंच. तिघेही माझ्यावर बसून, माझेच सूप पिऊन, गावातले सर्वांत चांगले खाण्याचे ठिकाण कोणते यावर वाद घालायचे. बडबडी म्हणे फाटकासमोरचा आम्लेटवाला, कारण तो आम्लेट उलटताना डोळे मिटतो. लांबट्या म्हणे वळणावरची बेकरी, कारण तिथे गरम पावाचा तुटका कोपरा नुसता हात पुढे केला तरी मिळतो. चष्मेवाली काही म्हणत नसे. ती फक्त वाडगा पुसून साफ करायची. मला उत्तर कळत होते.

शिकत काय होती? जमीन मोजायला! चढ किती, उतार किती, पाणी कुठून कुठे वाहील. सकाळभर यंत्र घेऊन डोंगर मोजायची आणि दुपारी येऊन, पायाखालच्या उताराकडे न बघता, सरळ वाडग्यातले सरळ सूप प्यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

वर्षे गेली. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला काचेच्या भिंतींचे नवे उपाहारगृह आले. तिथे एकेकट्याची छोटी टेबले होती, भिंतीकडे तोंड करून. मुले कानात काहीतरी घालून तिथे बसू लागली. मावशीचे गुडघे कुरकुरू लागले. कधी कधी एकच मुलगा येई आणि मावशीला दिवसातून तीनतीनदा जेवावे लागे. मी धुळीने भरू लागले. मग डॉक्टरांनी मावशीला चढउतार बंद करायला सांगितले, आणि खानावळीची इमारतही पाडायची ठरली.

शेवटच्या दिवशी जुनी मुले लांबलांबून आली. केस पिकलेली मुले! त्यांनी आधी गावभर फेरी मारली. आम्लेटवाल्याच्या जागी औषधांचे दुकान होते. बेकरीत चपला विकत होते. लांबट्याने सवयीने तिथेही हात पुढे केला म्हणे, आणि दुकानदाराने त्याला बूट चढवायचा शू-हॉर्न दिला. हसत हसत, डोळे पुसत सगळी माझ्याकडे आली. मला कोण नेणार असा प्रश्न निघाला, तेव्हा चष्मेवाली माझ्यावर तळहात ठेवून म्हणाली, "हे मी नेणार."

"ने," मावशी म्हणाली. "पण माझा नियम पण ने. यावर एकटीनं जेवायचं नाही."

"शब्द देते, मावशी."

चष्मेवालीचे घर सपाट मुलखात होते. गुळगुळीत फरशी, इकडचा थेंब तिकडे जाणार नाही अशी. मला मांडले, तिने सूप केले, वाडगा ठेवला, आणि सूप सांडले. तिने लगेच फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यात. मग तिने ती माझ्यावर ठेवली. बुडबुडा कोपऱ्यात पळाला.

"जमीन तर अगदी सपाट आहे," ती फोनवर बडबडीला म्हणाली. "म्हणजे टेबलच बिघडलं. प्रवासात झालं असेल काहीतरी."

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या दिवशी मी काय काय बोलले असते! तिने माझ्या पायांखाली पुस्तके घातली, ती सरकली. पुठ्ठे घातले, ते दबले. मग हळूहळू माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले, न उघडलेली पार्सले आली, एक मोडकी छत्री आली. आणि चष्मेवाली ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातूनच जेवू लागली. एकटी. मला माझ्या धुळीचे दुःख नव्हते. तिने दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला, याचे होते.

एका रविवारी सकाळी तिने सुतार बोलावला. त्याने माझे दोन लांब पाय मोजले आणि पेन्सिलीने रेघा मारल्या. "ताई, चार बोटं उडवतो. सरळ होईल, पण ठेंगणं होईल."

"होऊ दे."

मी हबकले. ती खोली केव्हाच पाडली गेली होती. तिचा उतार आता फक्त माझ्या पायांत उरला होता. हे दोन पाय कापले की ती खोली कशी होती हे सांगणारे जगात काहीच उरणार नव्हते. करवतीचे दात माझ्या पायाला टेकले आणि दाराची घंटा वाजली.

दारात मावशी होती. डोळे तपासायला चष्मेवालीच्या गावात आली होती, हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. "हे काय चाललंय?" ती ओरडली. सुताराच्या हातून करवत पडली.

"मावशी, टेबल वाकडं झालंय," चष्मेवाली चाचरत म्हणाली.

"अगं, टेबल सरळच आहे! तुझी जमीन सपाट आहे, त्याला ते काय करणार?" आणि मग मावशीने सगळे सांगितले. डोंगर, फरशी, थाळीतले पाणी, कापलेले बाक.

चष्मेवाली मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे चार वर्षं आम्ही उतारावर बसून जेवत होतो? मावशी, अहो, उतार मोजणं हे माझं काम आहे!"

"मग? जेवताना कोण काम करतं?"

एवढे बोलून मावशीने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "तुकडे! अगं, ते तुकडे माझ्या खिडकीत नि दारात आहेत. दादाकडे राहायला गेले तेव्हा टेकू म्हणून बरोबर नेले. बत्तीस वर्षं खिडकीला नि दाराला लावून लावून ते टेबलाचे पाय आहेत हेच मी विसरले. तुला टेबल दिलं आणि पायच द्यायचे राहिले!"

मग तिची नजर माझ्यावरच्या कपड्यांवर गेली, पार्सलांवर गेली. "यावर जेवतेस कधी?"

चष्मेवाली खाली मान घालून म्हणाली, "ओट्यापाशी जेवते. उभ्यानंच."

"एकटी?"

"एकटी."

मावशी रागावली नाही. तिने काठी भिंतीला टेकवली आणि स्वतःच्या हाताने छत्री, पार्सले, कपडे उचलायला सुरुवात केली. त्या दुपारी तिघेजण माझ्यावर जेवले. तिसरा सुतार. मावशीने त्याला जाऊच दिले नाही. तिघांनीही वाडगे हातात धरले होते, कारण मी अजून कललेलेच होते. पण मी खूश होते.

आठ दिवसांनी चष्मेवालीने बडबडीला, लांबट्याला आणि सुतारालाही बोलावले, आणि मावशी पुन्हा आली. पंच्यात गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन. एक उन्हाने फिकटलेला, दुसऱ्यावर हजारो बुटांच्या ठोकरा. सुताराने ते माझ्या पायांखाली धरले. रंग जुळला नाही, पण लाकडाच्या रेषा रेषांना जाऊन मिळाल्या. तो डिंक लावू लागला तेव्हा मावशीने त्याचा हात धरला. "चिकटवू नका. नुसते खाली ठेवा. पुन्हा डोंगरावर जायची वेळ आली तर?"

मग तिने थाळीत पाणी भरून ती माझ्यावर ठेवली. चष्मेवाली चष्मा पुसून वाकली. बडबडी तिच्या खांद्यावरून डोकावत होती. लांबट्या खुर्चीत बसून गुडघे आपटतात का ते बघत होता. आपटले नाहीत. पाणी एकदा हलले आणि चारही बाजूंनी काठाला सारखे टेकून स्थिर झाले. मावशी म्हणाली, "वाढ."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरातली एखादी जुनी वस्तू वाकडी वाटली तर करवत आणण्याआधी ती कुठून आली ते विचारा. कोणाच्या तरी खिडकीत तिचा एखादा तुकडा असू शकतो. आणि टेबल कपडे ठेवायला नसते.

आता मी रोज पुसले जाते. काल चष्मेवालीने संध्याकाळी सूप केले, दोन वाडगे मांडले, आणि घरात दुसरे कोणीच नव्हते. तिने पळी खाली ठेवली, कुंपणापाशी गेली आणि शेजारच्या काकांना हाक मारली, "काका, जेवायला या लवकर. मला भूक लागलीय."