नमुना क्रमांक सत्तावीस

“तीनशे अठरा,” संशोधन-सहायक काजल म्हणाली आणि काट्यावरून नजर न काढता तिनं आकडा कागदावर उतरवला.

रत्नदीप थूलनं मान हलवली. वर्ध्याच्या मोक्षधामातल्या लाकडांच्या शेडमध्ये दुपारचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. इथला कर्मचारी कैलास तोललेली लाकडं ढकलगाडीवर रचत होता. बाहेर निंबाच्या सावलीत चाळीसेक माणसं थांबली होती. त्यातला एक जण बराच वेळ इकडे पाहत होता, तो शेवटी शेडपर्यंत आला.

“काय तोलून राह्यले जी तुम्ही?”

“संशोधनाचं काम आहे,” रत्नदीप म्हणाला. “लाकूड कुठून आलं, आणाले किती डिझेल लागलं, इथं किती जळलं, धूर किती झाला, राख कुठं गेली, सगळं लिहून घेतो. झाडापासून राखेपर्यंत.”

“अन् माणूस?”

“माणूस त्यात धरत नाई.”

त्या माणसानं थोडा विचार केला, ‘हं’ म्हटलं आणि तो परत सावलीत गेला. रत्नदीपनं घड्याळ पाहून वेळ लिहिली. अठरावा नमुना पूर्ण झाला होता. तीस हवे होते.

तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि गेली एकवीस वर्षं हेच करत आला होता. एखादी वस्तू जन्मल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत तिच्यापायी किती पाणी, किती कोळसा, किती जमीन खर्ची पडते ते मोजायचं. याला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. सुरुवातीच्या काळात भेटेल त्याला बसवून तो हे समजावून सांगायचा. पहिलं काम कापसाचं होतं, बोंडापासून सदऱ्यापर्यंत. त्यासाठी पार आष्टीपर्यंतची गावं त्यानं दुचाकीवर पालथी घातली होती. मग विटा झाल्या, गूळ झाला, दुधाच्या पिशव्या झाल्या. एका अहवालामुळे एका भट्टीची चिमणी उंच झाली एवढं त्याला ठाऊक होतं. बाकीच्या अहवालांचं काय झालं ते विचारणं त्यानं कधी सोडलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. सकाळी डबा घेऊन संस्थेत जायचं, संध्याकाळी सिंदी मेघेला घरी यायचं. त्याची बायको अंकिता शाळेत शिकवायची. ती एकदा म्हणाली होती, “तुमच्याशी बोलणं म्हणजे फॉर्म भरल्यासारखं झालंय.” त्याला ते पटलं होतं आणि पटूनही काही वाटलं नव्हतं.

आताचं काम पालिकेसाठी होतं. अंत्यविधीला लाकूडच चालू ठेवावं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, भुशाचे ठोकळे आणावेत की गॅसची भट्टी बसवावी, हे पालिकेला ठरवायचं होतं. त्याआधी लाकडाचा खरा आकडा हवा होता.

त्या संध्याकाळी शेडमधला एक ढलपा त्याच्या पिशवीतून घरी आला. ओसरीवर बसलेल्या नत्थूंनी, त्याच्या वडिलांनी, तो उचलला. नत्थू अठ्ठ्याहत्तरचे होते. चाळीस वर्षं त्यांनी आरा मशीनवर काढली होती, उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी ढलपा फिरवला, वास घेतला, फरशीवर ठोकून पाहिला.

“कुठचं हे?”

“मोक्षधामातलं. तोलून राह्यलो न तिथं.”

“किती भरते एका माणसाले?”

“तीनशेच्या वर. कधी साडेतीनशे किलो.”

नत्थू हसले. “अरे बाबू, थे लाकूड नाई तोललं तू. पाणी तोललं. हे पाय, सालटं सुटलं नाई अजून. टोकाले भेग नाई. महिन्याआधी उभं झाड होतं हे.”

रत्नदीपनं ढलपा हातात घेतला. पुरवठादाराच्या चिठ्ठीवर ‘वाळलेले’ असं लिहिलं होतं आणि त्यानं तेच पुढे लिहिलं होतं. एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर त्यानं त्याला उभं केलं असतं. दुसऱ्या दिवशी ओलावा मोजायचं यंत्र त्यानं लाकडांत खुपसून पाहिलं. अडतीस. एकेचाळीस. छत्तीस. लाकडाच्या वजनातला तिसरा हिस्सा पाणीच होतं.

अठराही कागद त्यानं पाकिटात घालून बाजूला ठेवले आणि काजलला सांगितलं, “पुन्हा एकपासून.”

“मी येऊ काय तुह्यासंगं?” नत्थूंनी विचारलं. “घरी बसून तरी काय करून राह्यलो मी.”

असे ते यायला लागले. शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची, डोक्याला पांढरा दुपट्टा. कैलास लाकूड काढायचा, नत्थू त्यावर बोटाचं पेर वाजवायचे आणि सांगायचे, “हे तीस.” काजल यंत्र लावायची, तर एकोणतीस नाहीतर एकतीस निघायचं. पंधरवड्यात ती यंत्र लावायच्या आधीच हसायला लागली. कैलासला त्यांनी लाकूड रचायला शिकवलं. आडवं-उभं, मधून वारा जाईल असं, जुनं खाली आणि नवं वर.

“बाबाजी, तुमी आधी आले असते तर माह्या डोळ्यातला धूर कमी झाला असता,” कैलास म्हणायचा.

दोन प्रेतयात्रांच्या मधला वेळ मोकळा असे. बाप-लेक इतका वेळ एकमेकांजवळ कधीच बसले नव्हते. एकदा नत्थू आपणहून म्हणाले, “मशीनचा पट्टा तुटून बोटं गेली असं सांगतलं होतं न तुमाले? पट्टा धडच होता. तुह्या दहावीच्या निकालाचा दिवस होता थो. लवकर निघाचं होतं मले. मी गडबड केली.”

रत्नदीपनं काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात काजलनं “बावीस” असं म्हटलं आणि त्यानं बावीस लिहिलं. घरी जाताना गाडीवर वडील त्याच्या खांद्याला धरून बसले होते, तेव्हाही तो मनाशी शब्द जुळवत होता. सिंदी मेघे आलं, ते उतरले, त्यांनी पायऱ्यांशी चपला काढल्या. राहून गेलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, नत्थू जेवून कूलरसमोर आडवे झाले. चारला रत्नदीपची आई धुरपताबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा त्या त्यांना उठवू शकल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. रत्नदीपनं फोन केले, मंडपवाल्याला वेळ सांगितली, नागपूरहून येणाऱ्या धाकट्या भावाला, धम्मदीपला, कुठल्या गाडीनं ये ते सांगितलं. सगळं नीट पार पाडलं. अंकिता मधूनमधून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

सकाळी घरी त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळूहळू चालत मोक्षधामात पोचली. बायकाही आल्या, धुरपताबाई आल्या. काजल आपल्या आईसोबत आली होती; ती शेडपासून लांब उभी राहिली. कैलासनं कुणालाही काही न विचारता लाकडं काढली. दोन महिन्यांची सवय होती, म्हणून ती उचलून त्यानं काट्यावरच ठेवली.

“काजल, लिहून घ्या,” रत्नदीप म्हणाला. “ओलावा पण घ्या.”

हे आपण बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

“दादा!” धम्मदीप पुढे आला. त्याचे डोळे सुजले होते. “हे काय लावलं तू? इथंबी? बाप हाय थो आपला!”

रत्नदीप काट्याजवळच उभा होता. काजल रडत होती. दोघांच्या मध्ये धुरपताबाई आल्या. त्यांनी धाकट्याच्या दंडाला धरलं.

“लिहू दे त्याले, धम्मा. तुह्या बापानं दोन महिने इथं बसून थेच केलं.”

काजलकडे कागद नव्हता. तिनं शेडमधलं यंत्र लाकडाला लावलं आणि फोनवर टिपून घेतलं. दोनशे चार किलो. ओलावा अकरा.

“खालच्या थरातलं काढलं, साहेब,” कैलास हलक्या आवाजात म्हणाला. “बाबाजीनंच मार्चात बाजूले लावून ठेवलं होतं. म्हणे, हे दोन उन्हाळे खाल्लेलं हाय, कोणाच्या तरी कामी येईन.”

धूर असा झालाच नाही. ज्वाळा सरळ वर गेल्या. मागे उभ्या असलेल्या लोकांना डोळे पुसायला धुराचं निमित्तही मिळालं नाही. रत्नदीपनं पेटवल्याची वेळ पाहिली आणि विझत आल्याचीही. एक तास पन्नास मिनिटं. तो शेवटपर्यंत उभा होता. एका नातेवाइकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यानं वळून “पाणी पाहिजे काय?” असं विचारलं.

वडिलांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. धम्मदीप त्या दिवशी जेवला, आईच्या पाया पडला आणि भावाशी न बोलता गेला. आठवड्यानं त्याचा फोन आला.

“मले एकच सांग. तुले खरंच काई वाटलं नाई?”

रत्नदीप खरं तेच बोलला. “माहीत नाई, धम्मा.”

“बाबाले आकडा करून टाकलं तू,” धम्मदीप म्हणाला, आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो आईच्या फोनवरच बोलू लागला.

तीस नमुने एप्रिलअखेर झाले. अहवाल पालिकेला देण्याआधी एका बाहेरच्या परीक्षकाकडे गेला. मे महिन्याच्या शेवटी त्यांचं पत्र आलं. पत्र चांगलं होतं. ओलाव्याची नोंद इतक्या काटेकोरपणे क्वचितच होते, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. शेवटी एकच शंका होती: नमुना क्रमांक सत्तावीस इतरांपासून फार दूर पडतो. त्यामुळे सरासरी खाली ओढली जाते. स्पष्टीकरण द्यावे किंवा वगळावा.

संस्थेत दुपारची वेळ होती. रत्नदीपनं पत्र दोनदा वाचलं आणि संगणकावरचा तक्ता उघडला. सत्तावीस. पुरुष, अठ्ठ्याहत्तर. दोनशे चार. अकरा. एकशे दहा मिनिटं.

ठेवता आला असता. आकडा खोटा नव्हता. काटा तोच, यंत्र तेच. स्पष्टीकरणात दोन ओळी लिहिल्या असत्या तर परीक्षकांनी हरकत घेतली नसती. पण पालिकेला हवा होता तो नेहमीचा आकडा. नेहमी जे लाकूड येतं, जसं येतं, तसं ते माणसाला लागतं किती. हे लाकूड तसं आलेलं नव्हतं. कुणीतरी ते बोटांनी वाजवून निवडलं होतं, वाऱ्याला लावलं होतं, जपून ठेवलं होतं. वर्ध्यात दुसऱ्या कुणाला तसं मिळणार नव्हतं.

त्यानं ओळ निवडली आणि काढून टाकली. खालचे तीन नमुने एकेक घर वर सरकले. सरासरी चार किलोंनी वाढली. मग तळटीप लिहिली: ‘एक नमुना वगळला आहे. लाकूड जाणकाराने निवडून दिलेले होते, सर्वसाधारण नाही.’ ‘जाणकाराने’ हा शब्द अशा अहवालांत येत नाही. त्यानं तो खोडला, पुन्हा लिहिला आणि राहू दिला.

काजल चहा घेऊन आली. तिची नजर पडद्यावर गेली.

“सर, एकोणतीसच?”

“सत्तावीस काढला.”

“पण सर, ते तर…” ती थांबली. “तेवढ्यासाठी मी तिथं लिहून घेतलं होतं. धम्मदीप सर इतकं बोलले तुम्हाला.”

“बरोबर लिहिलं होतं तुम्ही,” तो म्हणाला. “नमुना म्हणून बसत नाही, एवढंच.”

तो उठला. पडवीच्या टोकाला हात धुवायचा नळ होता. गच्चीवरची टाकी सकाळपासून तापलेली असल्यामुळे पहिलं पाणी पोळणारं आलं. त्यानं हात काढले नाहीत. पाणी मनगटांवरून वाहत राहिलं, कोमट झालं, मग थोडं गार. त्याचे खांदे आधी हळू आणि मग जोरात हलायला लागले. काजल पडवीत आली होती. तिनं ते पाहिलं, नळ बंद करा असं ती म्हणाली नाही, आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.