ड्रायव्हरबाई रस्ता चुकल्या

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. शहरात बस चालवणारी बाई गरीब गाय असती, तर पहिल्याच चौकात रिक्षावाल्यांनी तिला फुटपाथवर चढवलं असतं. पण त्या आठवड्यात मी जरा जास्तच तडकत होते, आणि त्याला कारण होती माझी मुलगी.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. अंगापिंडानं बारीक, आणि हातात कायम काहीतरी घेऊन कुठेतरी निघालेली. अशी ही मुंगी सुट्टी संपत आली तशी सोफ्याच्या कोपऱ्यात रुतून बसली. पुढच्या सोमवारी तिचं हायस्कूल सुरू होणार होतं. नवी बॅग दाराशी पडून होती, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तिनं काढला नव्हता. काही विचारलं की एकच पालुपद, "मी नाही जाणार."

"अगं पण का?"

"मी हरवेन."

तिची आधीची शाळा म्हणजे एक व्हरांडा आणि त्याला लागून ओळीनं वर्ग. सकाळी ज्या बाकावर बसायचं, तिथूनच संध्याकाळी उठायचं. हायस्कूलच्या तीन मजली इमारती दोन, समोरासमोर, मध्ये पूल. शिवाय तिथे शिक्षक वर्गावर येत नाहीत. प्रत्येक तासाला मुलांनीच दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जायचं. मी जरा खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तिला नुसत्या हरवण्याची भीती नव्हती. हरवलं की उशीर होणार, उशीर झाला की दार बंद असणार, आणि दार उघडलं की सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघणार. त्या बघण्यानं तिची झोप उडाली होती.

"त्यात काय घाबरायचंय?" मी म्हणाले. "वेळापत्रक हातात, नंबर दारावर. आणखी काय हवं, बँडबाजा?"

मुंगीनं उशी तोंडावर ओढून घेतली.

तिचे बाबा बेकरीत कामाला आहेत, आणि आवाज न चढवताही जगता येतं असा त्यांचा समज आहे. त्यांनी मला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं. "ओरडून कुणाची भीती जाते का? शनिवारी पालकांचा दिवस आहे ना, तू जा. स्वतः बघून ये, मग बोल तिच्याशी."

हा पालकांचा दिवस म्हणजे त्या शाळेची जुनी रीत. वर्ग सुरू होण्याआधीच्या शनिवारी नव्या मुलांच्या घरच्यांनी यायचं आणि मुलांचा अख्खा दिवस स्वतः जगायचा. आपल्या मुलाचंच वेळापत्रक हातात मिळतं. तास वीस-वीस मिनिटांचे, पण घंटा खरी आणि खोल्याही खऱ्या. मोबाइल फाटकापाशी टोपलीत ठेवायचे. मुलं तोवर मैदानात खेळणार, शेवटच्या घंटेपर्यंत त्यांना आत मज्जाव. घरात बसून 'त्यात काय' म्हणणाऱ्यांनी एकदा धावून बघावं, असं तिथल्या मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, म्हणणं. ते ऐकून मला उगाचच कुणीतरी चिमटा काढल्यासारखं वाटलं होतं.

मुंगीनं मात्र तेवढाच धागा पकडला. "तू जाऊन ये. तू म्हणालीस सोपं आहे, तर मी जाईन. नाही तर मी घरूनच अभ्यास करणार, परीक्षेपुरती जाईन. पण खरं सांगायचं हं आई."

"खरंच सांगेन," मी म्हणाले. माझ्या मनात शंकाच नव्हती. इतकी वर्षं या शहराच्या गल्लीबोळांतून बस नेणाऱ्या बाईला शाळेच्या खोल्या सापडणार नाहीत होय?

शनिवारी सकाळची फेरी संपवून मी डेपोतून थेट शाळेत गेले, अंगावर गणवेश तसाच. मुंगीला तिच्या बाबांनी आणून मैदानात सोडलं होतं. ती कडेच्या कट्ट्यावर एकटीच बसली होती. मी हात केला, तिनं नुसती मान हलवली.

पहिला तास गणिताचा, फाटकाजवळच्याच खोलीत. सर बरे होते, मला एक उत्तरही आलं. मग घंटा झाली आणि सगळे आईबाप एकदम उठून दारात अडकले. बाहेर आल्यावर जो तो हातातल्या कागदाकडे आणि मग भिंतींकडे बघतोय. तेवढ्यात त्यांना माझा गणवेश दिसला. माणसाचा स्वभावच असा आहे, ड्रायव्हर दिसला की मागे जाऊन उभा राहतो. मी चालायला लागले तर मागे रांगच लागली.

सगळ्यात पुढे एक दाताचे डॉक्टर होते, मुलीचे वडील. बाकी कुणी काका, कुणी मामी, कुणाचे आजोबा. "ताई, विज्ञान ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"विज्ञान. सत्तावीस नंबर," मी म्हणाले आणि छाती पुढे काढून निघाले.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. अंगावर गणवेश असताना रस्ता विचारायचा नाही, असा आमच्या डेपोत अलिखित नियम आहे. नव्या मार्गावर पाठवलं तरी नाही. ड्रायव्हरनं काच खाली करून "अहो, हा रस्ता कुठे जातो?" विचारलं की मागच्या प्रवाशांचा निम्मा जीव तिथेच जातो. चुकलात तर चुकलात, तोंडावर दाखवायचं नाही. पुढच्या वळणावरून गाडी गुपचूप वळवून आणायची.

पंचवीस आलं. सव्वीस आलं. मग जिना आला. सत्तावीस नाही म्हणजे नाही. तिथेच एक शिपाईकाका फरशी पुसत होते, वर बघून जरासे हसलेही. विचारायला काय हरकत होती? पण मागे एवढे प्रवासी! मी त्यांना रुबाबात मान डोलावून दाखवली आणि जिना चढले. वर चाळीसचे आकडे लागले. मी पूल ओलांडला, पलीकडच्या जिन्यानं खाली उतरले आणि व्यायामशाळेला वळसा घालून नकळत पहिल्याच इमारतीत परत आले. रांग वाढतच होती, कारण इतर वर्गांतले चुकलेलेही येऊन मिळत होते. मनातल्या मनात मी इमारत बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

"ताई, आपण बरोबर चाललोय ना?" डॉक्टर.

"एकदम बरोबर," मी म्हणाले, आणि समोर जे दार आलं ते दणक्यात उघडलं.

ती शिक्षकांची खोली होती. एक सर चपला काढून पाय खुर्चीवर ठेवून पेपर वाचत होते. दोन बाई चहात बिस्किटं बुडवत होत्या. माझ्या मागून सगळी वरात आत शिरली आणि मिळेल तिथे बसून घेतलं. आजोबांना तर बरंच वाटलं, त्यांनी गादीची खुर्ची धरली. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि फार अदबीनं विचारलं, "हा कोणता विषय, सर?"

सरांनी हळूच पाय खाली घेतले. "विश्रांती," ते म्हणाले.

सगळी खोली हसली. मीही हसले, पण कान लाल झाले होते ते मला आतून कळत होतं. एका बाईंनी आम्हाला सत्तावीसचा रस्ता सांगितला. तो वर्ग समोरच्या इमारतीत होता, सम आकडे इकडे आणि विषम तिकडे. पंचवीस नंबर इकडे कसा मग? तर ती खोली नंतर बांधली होती. आम्ही पळत सुटलो. पोचलो तेव्हा तास निम्मा होऊन गेला होता आणि दार बंद होतं.

मी कडीवर हात ठेवला आणि माझा हात काही पुढे जाईना. पावसापाण्यात, मोर्चांत, भर बाजारात मी गाडी काढली आहे. आणि एका शाळेच्या दाराशी माझ्या पोटात गोळा आला होता. आतून बाईंचा आवाज येत होता, एका लयीत, सगळ्यांना सगळं समजत असल्यासारखा. वाटलं, नकोच, उरलेली मिनिटं इथेच काढू आणि घंटा झाली की गर्दीत मिसळू. आणि मग मला माझ्या पोरीचं तोंड दिसलं, उशीखाली दडवलेलं. मी तिला 'बँडबाजा हवा का' म्हणाले होते. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

मी दार उघडलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. झाडून सगळ्यांनी. मग बाई म्हणाल्या, "या या, बसा, आत्ता गंमत आहे," आणि सगळ्यांच्या माना परत टेबलाकडे वळल्या, कारण तिथल्या चंचूपात्रातलं निळं पाणी गुलाबी होत होतं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. मी बसले आणि मलाही त्या गुलाबी पाण्याचंच कौतुक वाटायला लागलं.

पुढच्या तासापासून मी नियम टोपलीतल्या मोबाइलशेजारी ठेवून दिला. दिसेल त्याला विचारलं. शिपाईकाकांना तर तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, मीच येतो बरोबर, तुमची गाडी भरलेली आहे." खरं सांगते, फार मजा आली. सुतारकामाच्या तासाला मी आणि दाताच्या डॉक्टरांनी मिळून एक खिळा वाकडा ठोकला.

शेवटची घंटा झाली आणि माझी पावलं जड झाली. मुंगी कट्ट्यावर तशीच बसली होती. मी येताना दिसल्यावर ती उठून उभी राहिली. 'सोपं आहे' एवढे दोन शब्द म्हटले असते तर काम झालं असतं. ते अगदी ओठांवर होते. पण शब्द दिला होता, आणि पोरीला फसवून शाळेत घातलं तर सोमवारी त्या दाराशी ती एकटी असणार होती.

"सोपं नाहीये," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पंचवीस, सव्वीस, जिना, पूल, मागची वरात. 'विश्रांती'शी पोचले तेव्हा ती इतकी हसली की कट्ट्यावरून घसरली. तेवढ्यात डॉक्टर आपल्या लेकीला घेऊन जाताना म्हणाले, "तुमच्या आईंनी आम्हाला काय फिरवलंय, वा! आमच्यापैकी कुणालाच इतकी शाळा बघायला मिळाली नसती." मग मी तिला बंद दाराचं सांगितलं.

"तुझ्या पोटात गोळा आला?" मुंगीला ते पटेना. "तुझ्या?"

"माझ्या. चांगला मोठा."

"मग? सगळे बघत होते?"

"सगळे."

"किती वेळ?"

मी आठवून बघितलं. "बाई 'बसा' म्हणेपर्यंत. मग पाणी गुलाबी व्हायला लागलं, आणि मला कोण विचारतंय?"

मैदानातली मुलं आता आत पळत होती, आपापल्या खोल्या बघायला. मी उठले. "चल, मी दाखवते. आता मला सगळं पाठ आहे."

"नको," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातला वेळापत्रकाचा कागद घेतला. "तू बस इथेच. मी बघून येते."

आणि गेली. एकटी. मोठ्या पोरांच्या कोंडाळ्यातून वाट काढत ती आत शिरली आणि दिसेनाशी झाली. माझा जीव खालीवर. बाकीची मुलं जाऊन परत आली, घरी निघालीसुद्धा. मी दोनदा उठले, दोनदा परत बसले. जावं का आत? नको म्हणालीये. पण जावं का?

तेवढ्यात समोरच्या इमारतीचं, अगदी भलतंच, दार धाडकन उघडलं. मुंगी बाहेर आली, धापा टाकत, केस विस्कटलेले.

"चुकले गं आई!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की अख्खं मैदान वळून तिच्याकडे बघायला लागलं. "थांब, परत जाते!"

आणि हातातला कागद सगळ्यांना हलवून दाखवत ती पुन्हा आत पळाली.