खांबावर उरलेली एकच जागा

आळीच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आता फक्त एकाच घराची सोलर वीज मावेल, असं वीज संस्थेच्या इंजिनिअरने सांगितलं आणि सेलिंगची झोप उडाली. आधीच्या सहा घरांनी फुकटात जागा अडवली होती. सातवंही फुकटात जाणार. आठव्याने मात्र अख्खा नवा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या खर्चाने बसवायचा. याला म्हणे नियम.

सेलिंगच्या छपरावर पॅनेल चढून महिना झाला होता. पोरीने दुबईत लोकांची मुलं सांभाळून त्या पॅनेलचे पैसे पाठवले होते. परवानगी नाही म्हणून पॅनेल नुसतेच ऊन खात पडले होते. समोर पांदेसाल पावांची भट्टी चालवणाऱ्या व्हिसिंगनेही पॅनेल आणले होते. सेलिंग तिला नांग म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, आणि ती सेलिंगला इंदाय, धाकटीला म्हणावं तसं.

अर्ज सोमवारी घेणार होते. गिमारास बेटावरच्या वीज संस्थेच्या फाटकावर सेलिंग पहाटेच पोचली, तर रांगेत पहिल्या व्हिसिंगच्या हिरव्या चपला, वर दगड ठेवलेला. बाई जागेवर नव्हती. चपला ठेवल्या की नंबर लागला, त्यांना हात लावायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. सेलिंगने इकडेतिकडे पाहिलं. तिने त्या चपला दगडासकट मागे सरकवल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या मांडल्या.

मग रस्त्यावर सायकल वाजली तरी ती दचकायची.

साडेसातला व्हिसिंग आली. अनवाणी, पाय चिखलाने भरलेले, हातात एक कागद. नव्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च आठ घरांनी वाटून घेऊ, असं त्यावर लिहून ती सहाही घरं फिरून आली होती. एकानेही सही केली नव्हती. आम्ही आधी आलो, आमचा काय संबंध, असं जो तो म्हणाला होता.

“मेल्यांना लाज नाही,” व्हिसिंग म्हणाली. “जाऊ दे, इंदाय. आपण दोघी अर्धं अर्धं भरू. माझा नंबर पहिला लागला म्हणून तुला एकटीला खड्ड्यात घालू का?”

व्हिसिंगचं अजून खाली लक्ष गेलं नव्हतं.

फाटक उघडलं. पहिला कोण, असं पहारेकऱ्याने विचारलं. व्हिसिंग आपल्या चपलांकडे वळली आणि जागच्या जागी थांबली.

“पहिला नंबर हिचाच,” सेलिंग म्हणाली. “मी सरकवल्या, नांग. मला भीती वाटली.”

व्हिसिंगने दगड बाजूला केला, चपला पायात घातल्या आणि खिडकीपाशी गेली. सेलिंग मागे उभी राहून तिच्या हातातल्या त्या कागदाकडे बघत राहिली. आता देईल, मग देईल.

व्हिसिंगने आपला अर्ज आत सरकवला. कागदाची तिने चार घड्या घातल्या आणि तो पिशवीत ठेवून दिला.