रोदियोनचे तारे

अवदेईची गोंदायची सुई आज सरळ चालेना. समोर रोदियोनचा उघडा खांदा, वाटीत जळक्या बुटाची काजळी, आणि मागं चुलीपाशी काळा कडू चहा पीत बसलेला सिसोय. या बराकीतल्या चोरांचा तोच म्होरक्या.

"हात का कापतोय रे? नवी नवरी आहेस का?" सिसोयनं टोमणा मारला.

"थंडी वाजतेय, बाबा."

"चुलीशेजारी बसून? बरंय!"

थंडी कसली डोंबलाची! भीती होती ती. उत्तरेतल्या त्या कैद्यांच्या लाकूडतोडीच्या छावणीत चोरांचा कायदा कडक. सरकारी काम करायचं नाही, फावड्याला शिवायचं नाही, आणि सरकारची बंदूक तर मेलं तरी धरायची नाही. शिक्षा माफ होते म्हणून जे चोर युद्धावर गेले, ते बाटले; त्यांना सुरी. अवदेई गेला होता, त्रेचाळीस साली. हे फक्त रोदियोनला ठाऊक होतं, कारण तोही तिथंच होता. गोळ्या सुटत असताना त्यानंच अवदेईला दलदलीतून ओढून काढलं होतं.

आणि परवा हाच रोदियोन नव्या कैद्यांतून इथं येऊन टपकला! जुना चोर म्हणून त्यानं दोन्ही खांद्यांवर गोंदायचे मानाचे तारे मागितले. युद्धाचं तेवढं झाकलं. "जामीन कोण?" सिसोयनं विचारलं. "मी," अवदेई बोलून गेला. बोलला आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली.

तारे गोंदून झाले. नंतर अवदेईला ना झोप, ना घास गोड. दार वाजलं की तो दचकायचा.

पाचव्या दिवशी शेजारच्या छावणीतून पावात दडवलेली चिठ्ठी आली: रोदियोननं बंदूक धरली होती, वर पदकही घेतलं.

"तू ओळखत होतास ना याला?" सिसोयनं विचारलं.

"फसलो, बाबा." अवदेईनं मान वर केली नाही.

"मग ते तारे तूच खरवडून काढ. सुरीनं मेला तर सुटेल. जगू दे, उद्यापासून फावडं मारू दे."

हातात फुटक्या बाटलीची काच आली. रोदियोननं टोपी दातांत धरली. त्याच्या एका शब्दानं अवदेईचा निकाल लागला असता. तो शब्द आता येईल, मग येईल, म्हणून अवदेईचा जीव टांगणीला लागला. दुसरा खांदा निम्मा झाल्यावर रोदियोननं तोंडातली टोपी काढली.

"लवकर आटप रे, अवदेई," एवढंच म्हणाला, आणि टोपी पुन्हा दातांत धरली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं अवदेईला. शिवी दिली असती तरी परवडली असती!

सकाळी हजेरीनंतर फावडी वाटली जात होती. चोर नेहमीसारखे बराकीच्या दारात टेकून कामकऱ्यांची टिंगल करत होते. अवदेई त्यांच्यातून निघाला, तडक गेला आणि त्यानं फावडं उचललं.

टिंगल थांबली.

"ठेव ते, गाढवा!" सिसोय ओरडला. "बाटशील!"

"बाटून पाच वर्षं झाली, बाबा. याच्या शेजारी उभं राहून खंदक खणलेत मी."

रोदियोन कामकऱ्यांच्या रांगेत उभा होता. त्याचा हात वर होत नव्हता. अवदेईनं त्याचंही फावडं आपल्या खांद्यावर घेतलं आणि सुऱ्या बाळगणारे उभे होते त्या दाराकडे पाठ करून चालू लागला.